वाफसा अंकांत मोजताना : देवनहळ्ळीच्या द्राक्षपट्ट्यासाठी बिनतारी बोर्डाची जुळणी

देवनहळ्ळी हे नाव आज बहुतेकांना विमानतळामुळे ठाऊक असते. मे २००८ मध्ये बंगळुरूचे नवे विमानतळ या तालुक्यात सुरू झाले आणि परिसरातील जमिनीचे मोल एकरापेक्षा चौरस फुटांत बोलले जाऊ लागले. फलोत्पादनाच्या नकाशावर मात्र या परिसराचे स्थान त्याहून जुने आहे. येथील पपनसाला, म्हणजे कन्नडमधील चक्कोत्याला, आणि बंगळुरू ब्लू या द्राक्षवाणाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. बंगळुरू ब्लूची द्राक्षे काळसर जांभळी, बियांची आणि उग्र सुगंधाची असून रस व वाइनसाठी वापरली जातात. हा वाण करप्याला दाद देत नाही, पण केवड्याला बळी पडतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठारावर बारमाही नदी नाही. बागा कूपनलिकांवर जगतात आणि त्या कूपनलिका आता अनेक ठिकाणी हजार फुटांच्या खाली गेल्या आहेत. हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी या भागातील तलावांत सोडण्याची योजना भूजल पुनर्भरणासाठीच आखावी लागली. एवढ्या खोलीवरून वर आणलेले पाणी केव्हा द्यायचे आणि किती, हा प्रश्न येथे प्रत्येक पाळीला उभा राहतो. ठिबक बहुतेकांकडे आहे. तरीही ते किती वेळ चालवायचे हे पुष्कळदा वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकावरून आणि सवयीवरून ठरते. सांगली, सोलापूर किंवा नाशिकच्या बागायतदाराला हे चित्र परके वाटणार नाही.

शेजारच्या विमानतळावर दर अर्ध्या तासाला तापमान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद होते आणि ती सर्वांना खुली असते. मांडवाखाली एक फूट खोलीवर वाफसा आहे की नाही, हे त्या नोंदीतून कळत नाही. ते कळण्यासाठी मातीतच काहीतरी रोवावे लागते, आणि तेथील वाचन घरापर्यंत पोहोचविणारे साधन लागते. असे साधन आज ५०० रुपयांच्या आसपास मिळते.

बोर्ड म्हणजे नेमके काय

शांघाय येथील एस्प्रेसिफ या कंपनीने २०१४ च्या सुमारास ईएसपी८२६६ ही वाय-फाय असलेली स्वस्त चिप बाजारात आणली आणि २०१६ मध्ये तिची थोरली बहीण ईएसपी३२ आली. या चिपभोवती यूएसबीचे तोंड, विजेचा दाब नियंत्रित करणारा भाग आणि दोन्ही कडांना पिनांच्या रांगा बसविल्या की तयार होतो तो डेव्हलपमेंट बोर्ड. आकाराने तो आगपेटीपेक्षा फारसा मोठा नसतो. बंगळुरूच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. नव्याने घेणाऱ्याने ईएसपी३२ घ्यावा. दरातील फरक थोडा आहे आणि सेन्सरसाठी उपयोगी पडणाऱ्या पिना पुष्कळ अधिक आहेत.

जुळणीची पहिली अडचण बहुधा केबलची निघते. मोबाइल चार्जरसोबत आलेल्या काही केबलींमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहितीच्या तारा नसतात. बोर्डावरील दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही. केबल बदलूनही दिसला नाही, तर बोर्डावर यूएसबीशेजारी असलेल्या छोट्या चिपचे नाव वाचावे. ते सीपी२१०२ किंवा सीएच३४० असेल, आणि त्यानुसार ड्रायव्हर संगणकात बसवावा लागतो. पुढे आर्डुइनो आयडीई हे विनामूल्य सॉफ्टवेअर घेऊन त्यातील बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी३२ चा संच उतरवून घ्यायचा, बोर्डाचा प्रकार व पोर्ट निवडायचे आणि दिवा लुकलुकविणारी तयार आज्ञावली चढवून पाहायची. चढविताना पडद्यावर नुसतेच ठिपके उमटत राहिले, तर बोर्डावरील 'बूट' असे लिहिलेले बटण क्षणभर दाबून धरावे. काही बोर्डांना प्रत्येक वेळी ही विनवणी लागते.

एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा संकेत थेट जोडल्यास चिप निकामी होण्याचा धोका असतो. तसेच ६ ते ११ क्रमांकाच्या पिना चिपच्या स्वतःच्या स्मृतीसाठी राखलेल्या असतात. त्यांना हात लावू नये.

सेन्सर आणि आज्ञावली

मातीतील ओलाव्याचे स्वस्त सेन्सर दोन प्रकारचे मिळतात. दोन उघड्या धातूच्या दांड्यांचा प्रकार प्रात्यक्षिकापुरता ठीक आहे. जमिनीत विद्युत अपघटनामुळे त्याच्या दांड्या काही आठवड्यांत खाल्ल्या जातात. बागेसाठी कपॅसिटिव्ह, म्हणजे धारितेवर चालणारा, सपाट पट्टीचा सेन्सर घ्यावा. त्याचा धातू मातीला स्पर्श करीत नाही. तरीही पट्टीच्या कापलेल्या कडांमधून पाणी आत झिरपते आणि वाचन हळूहळू सरकू लागते. म्हणून रोवण्यापूर्वी कडांना इपॉक्सीचा किंवा नेलपॉलिशचा दोनदा हात द्यावा आणि वरचा इलेक्ट्रॉनिक भाग पूर्ण बंदिस्त करावा.

हा सेन्सर व्होल्टेज देतो आणि ईएसपी३२ त्याचे ० ते ४०९५ या पल्ल्यातील अंकात रूपांतर करतो. माती जितकी ओली, तितका अंक लहान. हे उलटे गणित न कळल्याने पुष्कळांचा पहिला दिवस गोंधळात जातो. दुसरा गोंधळ पिनेचा. ईएसपी३२ मध्ये असे रूपांतर करणारे दोन विभाग आहेत, आणि वाय-फाय चालू असताना दुसरा विभाग वापरता येत नाही. सेन्सर ३२ ते ३९ या पिनांपैकी जी पिन बोर्डावर उपलब्ध असेल तिलाच जोडावा. ३४ वी किंवा ३५ वी पिन सोयीची.

आज्ञावलीचे दोन भाग असतात. 'सेटअप' एकदाच चालतो, 'लूप' अखंड फिरतो. शिकाऊ नमुन्यांत वाचन घेण्याचे काम लूपमध्ये ठेवलेले असते, आणि टेबलावर यूएसबीची वीज असेपर्यंत ते सुरळीत चालते. बागेत बॅटरीवर ते टिकत नाही. वाय-फायसह जागा असलेला बोर्ड सरासरी १०० मिलिअँपिअरच्या आसपास वीज घेतो. २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल त्यामुळे जेमतेम एक दिवस पुरतो. मातीतील ओलावा काही मिनिटांत बदलत नाही. तासातून एकदा दहा सेकंद जागे व्हायचे, मोजायचे, पाठवायचे आणि पुन्हा गाढ झोपायचे, अशी रचना केल्यास जागेपणाचा रोजचा खर्च सात मिलिअँपिअर-तासांच्या आत येतो.

येथे एक खाच आहे. गाढ झोपेत ईएसपी३२ ची चिप अवघे १० मायक्रोअँपिअर घेते, असे तिच्या माहितीपत्रकात असते आणि ते खरेही आहे. पण बोर्डावरील व्होल्टेज नियंत्रक, यूएसबीची चिप आणि लाल दिवा झोपत नाहीत. साध्या बोर्डावर त्यांचा मिळून खर्च १० मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे चिपच्या हजारपट. हिशेब मांडल्यास तोच सेल दहा दिवस चालतो. कमी गळतीचा नियंत्रक असलेला बोर्ड निवडून झोपेतील खर्च ०.१ मिलिअँपिअरवर आणला, तर कागदावर नऊ महिने निघतात. प्रत्यक्षात ऊन, थंडी आणि सेलचे वय यांमुळे ते कमी भरतील. म्हणून सोबत एक-दोन वॅटचे सौर पॅनेल आणि चार्जिंगचे मॉड्यूल असलेले बरे. खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो.

गाढ झोपेतून उठलेला बोर्ड आज्ञावली पहिल्या ओळीपासून सुरू करतो. त्यामुळे सर्व काम 'सेटअप'मध्येच लिहायचे आणि 'लूप' रिकामा सोडायचा. झोपेची मुदत मायक्रोसेकंदांत द्यावी लागते. एक तास म्हणजे ३,६०,००,००,००० मायक्रोसेकंद. हा गुणाकार साध्या पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जातो आणि बोर्ड झोपतो तो उठतच नाही. अर्ध्या तासाची झोप मात्र नीट चालते, कारण ती संख्या मर्यादेत बसते. त्यामुळे अनेकांना दोष सापडत नाही आणि बिचाऱ्या बॅटरीवर खापर फुटते. संख्येच्या शेवटी 'यूएलएल' ही तीन अक्षरे जोडली की गणना मोठ्या मापात होते आणि अडचण सुटते.

आणखी दोन सूचना. वाय-फाय सुरू करण्यापूर्वी सेन्सरची पंधरा वाचने घेऊन, ती चढत्या क्रमाने लावून मधले वाचन घ्यावे. एखादे भरकटलेले वाचन मग सरासरी बिघडवीत नाही. आणि वाय-फायच्या शोधाला दहा सेकंदांची मर्यादा घालावी. भारनियमनात घरचा राउटर बंद असतो, आणि मर्यादा नसलेला बोर्ड रात्रभर त्याला हाका मारीत बॅटरी संपवितो. मर्यादा उलटली की वाचन झोपेतही टिकणाऱ्या छोट्या स्मृतीत साठवावे आणि पुढच्या वेळी मिळून पाठवावे.

हा बोर्ड वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच बोलतो. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर त्याला तो दिसणार नाही. ओल्या पानांचा दाट मांडव या लहरी शोषून घेतो, त्यामुळे उघड्यावर शंभर मीटर जाणारा संकेत बागेत त्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. बाग घरापासून दूर असल्यास बोर्डासोबत लोरा मॉड्यूल वापरावे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. बोर्डाची पेटी प्लॅस्टिकची असावी, केबल खालच्या बाजूने बाहेर काढावी, आणि पेटी लोखंडी अँगलला चिकटवून बांधू नये, कारण धातू अँटेनाचा संकेत अडवितो.

अंकाचा अर्थ मातीत

येथवरचे काम तंत्रकुशल युवक आठवड्याभरात करून दाखवितात. मग मोबाइलवर एक अंक येऊ लागतो, समजा १९००, आणि बागायतदार विचारतो : पाणी देऊ की नको? बोर्डाकडे याचे उत्तर नसते. महागडी संच-सेवा विकणाऱ्यांच्या पडद्यावर अंकाऐवजी टक्के दिसतात. पण ते टक्के कोणत्या मातीवर ठरविले, हे विचारल्यास नेहमीच समाधानकारक उत्तर मिळते असे नाही.

देवनहळ्ळीची माती बहुतांशी तांबडी, वाळूमिश्रित पोयट्याची आहे. अशी माती पाण्याचा निचरा झाल्यावर आकारमानाने साधारण २० टक्के ओलावा धरते आणि ९ टक्क्यांच्या आसपास पीक कायमचे कोमेजते. महाराष्ट्रातील काळी भारी जमीन निचऱ्यानंतर सुमारे ४० टक्के ओलावा धरते आणि कोमेजण्याची पातळी २५ टक्क्यांजवळ असते. म्हणजे पडद्यावर २० टक्के दिसत असताना देवनहळ्ळीतील वेल तृप्त असते आणि काळ्या जमिनीतील वेल सुकत चाललेली असते. अंक एकच.

अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक ५६ व्या पुस्तिकेत खाण्याच्या द्राक्षांसाठी उपलब्ध ओलाव्याचा ३५ टक्के हिस्सा खर्च होईपर्यंत ताण बसत नाही, असे धरले आहे. वरील तांबड्या मातीत उपलब्ध ओलावा ११ टक्के. त्याचा ३५ टक्के हिस्सा म्हणजे जवळपास ४. तेथे पाण्याची पाळी १६ टक्क्यांवर येते. काळ्या मातीत उपलब्ध ओलावा १५ टक्के, आणि पाळी येते ती ३५ टक्क्यांच्या जवळ. हे आकडे मातीच्या प्रकारांचे ढोबळ प्रातिनिधिक आकडे आहेत. प्रत्येक बागेचे वेगळे निघतील आणि तेच काढायचे आहेत.

त्यासाठीची कृती स्वयंपाकघरातील मापांनी होण्यासारखी आहे. बागेतील ३० सेंटिमीटर खोलीवरची माती काढून, ढेकळे फोडून, खडे चाळून घ्यावी. ती १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवावी. ओव्हन घरी नसतो. कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत असतो, आणि विस्तार कार्यकर्त्याचा खरा हातभार येथे लागतो. वाळलेली माती बागेत असते तितकीच दाबून एक लिटरच्या सरळ उभ्या डब्यात भरावी, वजन करावे, सेन्सर खुणेपर्यंत रोवावा आणि पहिला अंक लिहून घ्यावा. मग माती बाहेर काढून तीत ५० मिलिलिटर पाणी सारखे कालवावे, पुन्हा तेवढ्याच जागेत दाबून भरावी आणि दुसरा अंक घ्यावा. एक लिटरच्या मातीत ५० मिलिलिटर पाणी म्हणजे आकारमानाने ५ टक्के ओलावा. असेच १०, १५, २०, २५ टक्क्यांपर्यंत जावे. काळ्या मातीसाठी ४५ पर्यंत. आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडले की रेघ सरळ येत नाही, थोडी वाकते. ती जशी आहे तशी आज्ञावलीत घालावी. दोन बिंदूंमधून सरळ रेघ ओढण्याचा मोह अनेक नमुना-आज्ञावल्यांत दिसतो, आणि त्याची चूक नेमकी मधल्या भागात, जेथे पाण्याचा निर्णय होतो तेथेच, मोठी असते.

प्रत्येक सेन्सरचे हे काम स्वतंत्र करावे लागते. एकाच खोक्यातील दोन सेन्सर त्याच मातीत वेगळे अंक देतात.

काळ्या जमिनीत आणखी एक कठीण गोष्ट आहे. ही माती ओलाव्याने फुगते आणि सुकताना भेगाळते. डब्यातील आकारमान त्यामुळे बदलते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर मातीची उंची मोजून हिशेब दुरुस्त करावा. बागेत तर पट्टीलगत भेग पडली की तेथे हवा भरते आणि सेन्सर माती कोरडी असल्याचे सांगू लागतो. अशा जमिनीत सेन्सर रोवताना त्याच जागेच्या मातीचा पातळ चिखल करून पट्टीभोवती भरावा, आणि अचानक मोठी उडी घेणाऱ्या वाचनावर विश्वास न ठेवता खुरप्याने उकरून हाताने पाहावे. वाफसा ओळखणारा हात या कामात निवृत्त होत नाही.

सेन्सरची जागा ड्रीपरपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, मुळांच्या कार्यक्षम थरात घ्यावी. एक पट्टी ३० सेंटिमीटरवर आणि दुसरी ६० वर ठेवली, तर वरून दिलेले पाणी खाली वाया जाते आहे का, हेही दिसते. खालची पट्टी प्रत्येक पाळीनंतर ओली होत असेल, तर हजार फुटांवरून आणलेले पाणी मुळांना ओलांडून पुन्हा खाली निघाले आहे. ठिबकमधून खते सोडल्यानंतर एक-दोन दिवस क्षारांमुळे अंक प्रत्यक्षापेक्षा ओला दिसू शकतो; त्या दिवसांची वाचने वेगळी खूण करून ठेवावीत.

अंशांकन झाले की हिशेब लिटरांत मांडता येतो. तांबड्या मातीच्या बागेत ३० सेंटिमीटरच्या थरात ४ टक्के तूट म्हणजे १२ मिलिमीटर पाणी. ठिबकने बागेचा ४० टक्के भाग भिजत असेल, तर एकरी ४.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १९,४०० लिटर. ताशी ४ लिटरचे ड्रीपर एकरात किती आहेत हे मोजले की मोटार किती वेळ चालवायची ते निघते. सवयीने चालणारा वेळ आणि हा वेळ एकमेकांशेजारी लिहून पाहावेत.

पाण्याची पातळी वर्षभर एकच ठेवायची नसते. खरड छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात वेलीला मुद्दाम थोडा ताण दिला जातो, आणि मणी फुगण्याच्या काळात तो टाळायचा असतो. अवस्थेनुसार पातळी कोणती ठेवावी, याचा सल्ला कर्नाटकातील बागायतदारांना हेसरघट्टा येथील भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेकडून किंवा देवनहळ्ळीच्या वाटेवरील बळ्ळारी रस्त्यालगतच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडून घेता येईल. महाराष्ट्रात मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आज्ञावलीत ही पातळी कायमची कोरून न ठेवता बाहेरून बदलता येईल अशी ठेवावी.

बोर्डाने मोटार आपोआप चालू-बंद करावी, ही इच्छा पहिल्याच आठवड्यात होते. किमान एक हंगाम ती आवरावी. तुटलेल्या तारेचा सेन्सर माती कोरडी असल्याचे सांगू शकतो, आणि त्याच्या भरवशावर मोटार रात्रभर चालली तर वाचविलेले सगळे पाणी एका रात्रीत जाते. पुढे स्वयंचलन करायचेच झाल्यास वाचन कितीही कोरडे असले तरी मोटार ठरावीक मिनिटांनंतर थांबेल अशी मर्यादा प्रथम लिहावी, आणि तीन फेजच्या स्टार्टरची जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने सेन्सरचा क्रमांक, रोवल्याची तारीख, खोली आणि अंशांकनाचे पाच-सहा अंक लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी, किंवा वेलींच्या छाटणीच्या वेळी, पट्टी काढून स्वच्छ करावी आणि कोरड्या हवेत व ग्लासभर पाण्यात तिचे अंक पुन्हा घ्यावेत. झाकणावरच्या अंकांपासून ते फार सरकले असतील, तर ती पट्टी बदलावी आणि नव्या पट्टीसाठी डबा, ओव्हन व मोजपात्र पुन्हा काढावे.